माळावरच्या टोपल्या

गोल्फ हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट आणि साहेबामागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या उभा राहतो. असला खेळ आपल्यासारखीने लांबूनच पाहावा. म्हणून यंदा एप्रिलात पुतण्या मला म्हणाला, "आत्या, शनिवारी आपण सगळे गोल्फ खेळायला जातोय, तूपण," तेव्हा मी त्याला म्हटले, "बाळा, मी बालवाडीची बाई. मला लंगडी येते, तळ्यात-मळ्यात येतं. गोल्फ कुठला?"

"पण हा प्लेटचा गोल्फ आहे," तो म्हणाला. "तू फेकशील. मी शिकवेल."

पुतण्या सोळा वर्षांचा. जन्म अमेरिकेतला. त्याचे मराठी असे अधूनमधून घसरते, आणि मी ते मुद्दाम दुरुस्त करत नाही. शाळेत दिवसभर तेच करायचे आणि माहेरीही तेच, हे मला आवडत नाही.

त्याचा हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. यात काठी नाही, चेंडू नाही, पोऱ्या नाही. हातात वीतभर रुंदीची एक प्लॅस्टिकची तबकडी. वजनाला फार तर पावणेदोनशे ग्रॅम. समोर शे-दीडशे पावलांवर, कधी त्याहून दुप्पट-तिप्पट लांब, लोखंडी खांबावर एक टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथवर चालत जायचे, तिथून पुन्हा फेकायची. साखळ्यांवर आपटून ती टोपलीत पडली की तो डाव संपला. असे अठरा डाव, आणि सगळ्यांत कमी फेकींत जो आटोपेल तो जिंकला. प्रत्येक डावाला ही मंडळी 'होल' म्हणतात. भोक मात्र कुठेच नसते. गोल्फकडून नाव उसने घेतले आणि खड्डा घ्यायचा राहिला, असा प्रकार.

या तबकडीची हकीगत मोठी घरगुती आहे. कनेटिकट प्रांतात ब्रिजपोर्ट या गावी फ्रिस्बी नावाची पाय करणारी एक बेकरी होती. पाय खाऊन झाला की कॉलेजची पोरे तिच्या टिनच्या थाळ्या एकमेकांकडे भिरकावीत. तिकडे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर केकची थाळी फेकत खेळत होता. कुणीतरी त्या पाच सेंटांच्या थाळीचे त्याला पंचवीस सेंट देऊ केले, आणि त्याच्या डोक्यात व्यापार शिरला. पुढे त्याने प्लॅस्टिकची तबकडी काढली. १९५७ साली एका खेळण्यांच्या कंपनीने ती घेतली आणि त्याच वर्षी तिला बेकरीवाल्याचे नाव चिकटले. त्या कंपनीतल्या एड हेड्रिक याने तबकडी सुधारली, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत या गोल्फचे पहिले कायमचे मैदान मांडले, आणि सुरुवातीच्या नुसत्या खांबांच्या जागी या साखळ्यांच्या टोपल्या आणल्या. म्हणजे पहिले मैदान माझ्याहून फार थोरले नाही. एवढ्या तरुण खेळाला म्हातारे नियम नसतील, असे मला वाटले होते. पण नियमांचे पुढे सांगते.

माझा भाऊ कॅन्सस प्रांतात विचिटा या शहरी राहतो. तिथे विमाने बनतात. अठरा वर्षे झाली त्याला. आमची बालवाडी एप्रिलच्या मध्याला सुटली आणि मी त्याच्याकडे गेले. तिकीट त्यानेच काढले होते. त्याने मला का बोलावले हे त्याला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते, आणि दहा दिवस आम्ही तेवढे सोडून जगातले सगळे काही बोलत होतो.

कारण असे. माण तालुक्यात म्हसवडच्या बाजूला आमचा चौदा एकर माळ आहे. सातबाऱ्यावर त्यातला निम्म्याहून जास्त पोटखराबा म्हणून लिहिलेला. कुसळी गवत, चार तरवड, एक हिवर, आणि मधोमध एक टेकाड. पावसाळ्यानंतर धनगर मेंढरे घेऊन येतात, तेवढेच त्याचे उत्पन्न, तेही लोकर आणि लेंडीखताच्या रूपात. बाबा गेल्यावर त्यावर भावाचे आणि माझे अशी दोन नावे लागली. आता एका दलालाने गिऱ्हाईक आणले होते. सौरपट्ट्या मांडायला त्याला चौदाच्या चौदा एकर हवे होते, आणि सही दोघांची लागणार होती.

तर शनिवारी सकाळी आम्ही निघालो. भाऊ, भावजय, पुतण्या आणि मी. विचिटाहून एम्पोरियाच्या दिशेने दीड तासाचा रस्ता. एम्पोरिया हे पंचवीसेक हजार वस्तीचे गाव, पण या खेळाचे मोठे ठाणे. २०१६ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. याच गावात देशभरच्या शिक्षकांचे एक सन्मानगृह आहे आणि शाळेचे काम करताना मेलेल्या शिक्षकांची नावे कोरलेले काळे दगड आहेत, हे भावाने मला वाटेत सांगितले आणि मी तिथे गाडी थांबवायला लावली. खेळाला उशीर झाला म्हणून पुतण्या चुळबुळत होता. मी काही त्याच्याकडे पाहिले नाही.

अर्ध्या तासानंतरच शेते संपली होती आणि जमीन चढउतार घेऊ लागली होती. या भागाला फ्लिंट हिल्स म्हणतात, म्हणजे गारगोटीच्या टेकड्या. आपल्या सह्याद्रीसारखे डोंगर नव्हेत. एखाद्या अवाढव्य गोधडीला कुणी आतून हलकेच उचलावे तसे लांबच लांब चढ आणि उतार. झाड औषधाला नाही. जी काही असतील ती ओढ्याकाठी, खोलगटात. मी खिडकीला नाक लावून बसले. भाऊ मला म्हणाला, "काय गं?" मी म्हटले, "काही नाही." पण मला आमच्या माळाच्या वासाचा भास झाला होता.

अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी शेकडो कोस पुरुषभर उंचीचे गवत होते. गोऱ्या शेतकऱ्यांनी ते नांगरून टाकले. आता त्या उंच गवताचे शंभरातले चार हिस्सेही उरलेले नाहीत, आणि जे उरले त्यातले बहुतेक या टेकड्यांवर आहे. ते का उरले, तर इथे मातीच्या पातळ थराखाली चुनखडक आहे आणि त्यात गारगोट्या ठासून भरलेल्या. नांगर चालेना. जमीन वाईट, म्हणून गवत वाचले. आपल्या तलाठ्याने ही जमीन पाहिली असती तर बेलाशक पोटखराबा लिहिले असते. त्यांच्या सरकारने मात्र १९९६ मध्ये इथला जवळजवळ अकरा हजार एकर गवताळ मुलूख राष्ट्रीय ठेवा म्हणून राखून ठेवला आहे. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, हे खरे. पण माळढोक आता दिसेनासाच झाला. इथल्या टेकड्यांवर मात्र वसंतात पहाटे प्रेअरीतले कोंबडे गळे फुगवून नाचतात म्हणे. आम्ही दहाला पोचलो, तेव्हा नाच आटोपला होता.

ज्या कुरणात खेळ होता ते एका म्हाताऱ्या गुरेवाल्याच्या मालकीचे. पुतण्याच्या खेळगड्यांपैकी एकाची त्याच्याशी ओळख. त्याने दोन दिवसांपुरते कुरण दिले होते, आणि दोनच दिवस का, यामागे सबंध वर्षाचे गणित होते. दर वसंतात हे लोक जुने वाळके गवत पेटवून देतात. वरची काडी आणि झुडपांचे कोंब जळतात, मुळे खोल असतात ती राहतात, आणि दोन-तीन आठवड्यांत कोवळे हिरवे वर येते. मे लागला की लांबलांबून गुरे चरायला येतात. जाळणे झाले आहे आणि गुरे अजून यायची आहेत, गवत घोट्याएवढेच आहे, अशा या फटीत पोरांनी आपला खेळ बसवला होता. आठ दिवस आधी आले असते तर पायाखाली राख, आठ दिवस नंतर तर शेण.

म्हाताऱ्याच्या अटी तीन. फाटक उघडे टाकायचे नाही. काचेची बाटली आणायची नाही. आणि रविवारी संध्याकाळी कुरणात एक खिळासुद्धा मागे राहता कामा नये, कारण गवताबरोबर खिळा गाईच्या पोटात गेला तर गाय जाते. हे सांगताना त्याने पुतण्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. मी बाई आहे हे त्याला कुणी सांगितले कोण जाणे.

टोपल्या सुट्या भागांच्या होत्या. बूड, खांब, जाळी, वर साखळ्यांचे कडे. ट्रकमधून आणून जिथे हव्यात तिथे उभ्या केलेल्या, वाऱ्याने लवंडू नयेत म्हणून बुडाशी वाळूच्या पिशव्या. फेकायची जागा दाखवायला दोन लाल झेंड्या. एवढ्यावर अठरा डावांचे मैदान झाले.

मला वाटले, ना झाड ना घर, इथे काय अवघड आहे! भावजय म्हणाली, "ताई, थांबा जरा." तिने पहिल्याच फेकीला कपाळावर हात मारून घेतला तेव्हा मला कळले. झाडे असली की फेकणाऱ्याला अंतर कळते. इथे डोळा ठरायला काही नाही. टोपली हाताशी वाटते आणि तबकडी निम्म्या वाटेत पडते. माळावर वाढलेल्या माणसाला ही फसवणूक ठाऊक असते. म्हसवडच्या वाटेवर देऊळ 'हे काय, आलंच' म्हणता म्हणता ऊन डोक्यावर येते.

आणि दुसरा वारा. कॅन्सस हे नाव ज्या काँझा लोकांवरून पडले, त्यांच्या नावाचा अर्थ दक्षिण वाऱ्याची माणसे असा सांगतात. ती माणसे १८७३ साली इथून ओक्लाहोमाकडे हलवली गेली. वारा राहिला. मी पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून उभी राहिले. पुतण्याने एक मऊ, निळी तबकडी माझ्या हातात दिली आणि मनगट कसे झटकायचे ते दाखवले. मी फेकली. ती झकास सुटली, वर गेली, आणखी वर गेली, आणि मग मागे वळून माझ्या डोक्यावरून जाऊन आमच्या पिशव्यांपाशी पडली. खेळाच्या इतिहासात उलट दिशेने गेलेली ही पहिली फेक नसावी, पण पुतण्या गवतावर आडवा पडून हसला.

मग त्याने मला वाऱ्याचे शास्त्र सांगितले, आणि सांगताना त्याचे मराठी एकदाही घसरले नाही. उजव्या हाताने अशी आडवी फेकलेली तबकडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वेग असतो तोवर उजवीकडे कलते, वेग ओसरला की डावीकडे झुकून खाली येते. समोरून वारा आला तर तिला आपण फार जोरात चाललो आहोत असे वाटते आणि ती उजवीकडे कलंडते. मागून वारा आला तर तिच्याखालचा आधार जातो आणि ती लवकर बसते. म्हणून समोरून वारा असेल तर जड, हट्टी तबकडी घ्यायची आणि नाक खाली ठेवून फेकायची. माझे नाक वर होते, म्हणून ती आभाळात चढली. "तबकडीचं नाक, आत्या, तुझं नाही," असे त्याने वर सांगितले.

उतारावर आणखी एक गंमत होती. तबकडी काठावर पडली की चाकासारखी धावत सुटते. तिसऱ्या डावाला टोपली एका कण्यावर होती. भावाने चार हातांवरून फेकलेली तबकडी साखळीला घासून खाली पडली आणि उतारावरून जी निघाली ती शंभर पावले थांबली नाही. विमानाचे पंख मोजणारा माझा भाऊ तिच्यामागे "अगं, अगं" करत पळत होता. अठरा वर्षांत मी त्याला पळताना पाहिले नव्हते.

आता नियम. टोपलीपासून दहा मीटरांच्या आत आलात, की फेकल्यावर तोल सावरून उभे राहून दाखवायचे, मगच पुढे पाऊल. हरवलेली तबकडी तीन मिनिटे शोधायची, मग एक फेक दंड. आणि सगळ्यांत मला आवडला तो हा, की जो टोपलीपासून सर्वांत लांब राहिला असेल त्याने आधी फेकायचे. पुढे गेलेल्यांनी थांबायचे. माझ्या वर्गात मी उद्यापासून हाच नियम लावला तर अर्धी भांडणे मिटतील, असे मी भावजयीला म्हटले. ती म्हणाली, "आणि उरलेली अर्धी लांब कोण आहे यावर होतील."

सातव्या डावाला पुतण्याची पिवळी तबकडी वाऱ्याने पलीकडच्या उतारावर नेली. मायलेक ती शोधायला खाली गेले. माझी तबकडी त्या वेळी चुकून बरीच पुढे पडली होती. भाऊ मागे होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"ताई," तो म्हणाला, "लांबच्यानं आधी, असा नियम आहे."

"मग फेक की."

"फेकायचं नाही म्हणत. बोलायचं म्हणतोय." त्याने तबकडी हातात दोनदा फिरवली. "मी काही परत येत नाही गं. तुला ठाऊकच आहे. पण तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. विकून टाकू."

हे मला ठाऊक होते, हे खरेच. तरीसुद्धा. माळावर पूर्वेकडे तोंड करून दोन खोल्या बांधायच्या, असा त्याने वहीच्या कागदावर काढलेला एक नकाशा माझ्या ट्रंकेत आहे. दोन वर्षांनी येतो, पोरगं शाळेत गेलं की येतो, असे तो म्हणायचा तेव्हाचा. कागदाच्या घड्या आता फाटत आल्या आहेत. त्याला कदाचित तो आठवतही नसेल. मी विचारले नाही.

मी म्हटले, "तीन मिनिटं झाली. हाक मार त्यांना."

पिवळी तबकडी सापडली नव्हती.

दुपारी ट्रकच्या सावलीत बसून आम्ही धपाटे आणि दही खाल्ले. दुसरी सावलीच नव्हती. म्हातारा गुरेवाला आला, त्याने धपाटा हातात घेऊन उलटासुलटा केला, आणि तो फेकायचा की खायचा असे विचारले. मग तीन खाल्ले. पुतण्या खुशीत येऊन गोष्टी सांगत होता. त्यात त्याने हेड्रिकची गोष्ट काढली. हा टोपल्यांचा जनक २००२ साली वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या केल्या. "म्हणजे तो अजून उडतो," पुतण्या म्हणाला.

सगळे हसले. आम्ही दोघे हसलो नाही.

बाबा २०२१ च्या एप्रिलात गेले. भाऊ आला असता तर त्याला परत जाता आले नसते, अशी तेव्हा वाटा बंद होण्याची स्थिती होती. अस्थी मी पंढरपूरला चंद्रभागेत सोडल्या. मूठभर रक्षा घेऊन माळावरच्या टेकाडावर गेले, कारण बाबांनी तसे सांगून ठेवले होते. शेजारच्या मुलाने फोन धरला होता आणि फोनमध्ये भाऊ. वारा इतका होता की त्याला काही ऐकू गेले नाही. तो नुसता पाहत होता. मूठ उघडली तेव्हा रक्षा खाली पडलीच नाही. आडवीच गेली.

धपाट्याचा तुकडा हातात ठेवून भाऊ समोरच्या चढाकडे पाहत बसला. पुतण्याने एकदा बापाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि उठून टोपलीवर नेम धरू लागला. शहाणे पोर आहे.

चौदाव्या डावाची टोपली सगळ्यांत उंच कण्यावर होती. मी उताराच्या तळाशी, भाऊ वर. आता लांबची मी होते. मी ओरडूनच म्हटले, कारण वाऱ्यात दुसरा उपाय नव्हता, "तुझा वाटा तू वीक. माझे सात एकर मी ठेवते."

तो चार पावले खाली आला. "गिऱ्हाईक चौदा एकत्र मागतंय. तुकडा त्याला नको."

"मग त्याला मिळणार नाही."

"ताई, पुढल्या वर्षी याचं कॉलेज आहे. इथली फी तुला माहीत नाही." त्याने आकडा सांगितला. मी मॅट्रिक. माझे गणित कच्चे. पण त्या आकड्याला रुपयांत गुणायला मला वेळ लागला तो शून्यांमुळे.

मी तबकडी फेकली. वारा मागून होता, ती लवकर बसली. मी चालत गेले, ती उचलली, आणि त्याच्याशेजारून जाता जाता म्हटले, "मग तुझा वाटा मी घेते."

"कशातून? कादंबऱ्यांतून?"

"त्यातूनच. हप्त्यानं."

"किती वर्षं लागतील, हिशेब केलास?"

"तू परत येत नाहीस ना?" मी म्हटले. "मग घाई कसली?"

तो हसला. मनापासून नव्हे, पण हसला. मग म्हणाला, की सात एकर खडक दुप्पट करून मी चौदा एकर खडक करणार आहे आणि याला जगात कुणी व्यवहार म्हणणार नाही. मी म्हटले, धनगर म्हणतील. तो म्हणाला, फी धनगर भरणार का? त्यावर मला उत्तर नव्हते आणि मी दिलेही नाही. फीचे कर्ज इथे बँकाही देतात, एवढेच भावजयीने मागून सांगितले. ती कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळले नव्हते.

अठरा डावांत मला एकशे एकोणतीस फेकी लागल्या. पुतण्याला त्याच्या निम्म्याहून कमी. हा त्या दिवशीचा उच्चांक आहे असे त्याने जाहीर केले आणि गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारीही खेळ होता. भाऊ आणि पुतण्या खेळले, आम्ही दोघी बघत बसलो. संध्याकाळी टोपल्या निघाल्या. साखळ्यांचे कडे आधी, मग जाळी, मग खांब. वाळूच्या पिशव्या उचलल्या तिथे गवत बसले होते. झेंड्या मोजून घेतल्या, छत्तीस. पुतण्याने म्हाताऱ्याला सांगितले की एक पिवळी तबकडी कुरणात राहिली आहे, आणि गाईच्या पोटात जाईल का? म्हातारा म्हणाला, एवढी मोठी वस्तू गिळणारी गाय त्याने अजून पाहिली नाही, आणि सापडली तर पोस्टाने पाठवीन. फाटक त्याने स्वतः लावले.

परतीच्या वाटेवर पुतण्या मागच्या बाकावर झोपला. भावजयही पेंगली. बरेच मैल गेल्यावर भाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "दलालाला काय कळवू?"

"ताई ऐकत नाही म्हणावं."

"आणि पहिला हप्ता कधी?"

"दिवाळीला," मी म्हटले. "अंकाचं मानधन आलं की."